अँटेना काढलेला टीव्ही

भर दुपारी पडदे ओढलेल्या त्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी खोकायची कुणाची हिंमत होत नव्हती. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या रंगीत टीव्हीला खिळले होते. टीव्ही मागच्या रांगेत बसलेल्या आत्याच्या दादाचा. त्यानं दुरुस्तीला टाकला, चार दिवसांनी तो स्वतःच गेला आणि टीव्ही दुकानदाराकडेच राहिला.

"नीट बघा, ही अँटेनाची वायर माझ्या हातात!" दुकानदार म्हणाला. हल्ली लोक त्याला पडदेबाबा म्हणत. "मग अक्षरं कुठून येतात? वरून! गेलेला माणूस स्वतःच्याच टीव्हीत येतो, शेजाऱ्याच्या नाही. तिथंही शिस्त असते."

"पण इंग्रजी अक्षरांत का लिहितात?" एका आजोबांनी विचारलं.

"वरती सगळ्यांना एकच लिपी, आजोबा. कारभार सोपा पडतो."

निळ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. 'धाकटे, रडू नको.'

आत्या पुढे वाकली. शाळेत विज्ञान शिकवणारी ही बाई वहिनीला इथून घरी न्यायला आली होती, बाबाचा खरपूस समाचार घ्यायच्या तयारीनं. पण तिला 'धाकटे' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. खरं सांगायचं तर क्षणभर तिला वाटलं, असू दे, दादाच असू दे.

पुढची ओळ आली. 'मुलीच्या गोळ्या बंदच ठेवा. मी राखण करतो.'

वहिनीनं पडद्याला हात जोडले. तिच्या मांडीवर आठ वर्षांची मुलगी मलूल पडली होती. तिला फिटचा आजार. गोळ्या थांबल्या आणि काल सकाळी ती अंगणात कोसळली होती. बाबाचं उत्तर तयारच होतं: "दुखणं घर सोडून जाताना दार आपटणारच!"

'राखण' लिहिताना एक अक्षर चुकलं होतं. ते पुसलं गेलं आणि त्या जागी दुसरं आलं. "बघा, चूकसुद्धा सुधारतात!" कुणीतरी भक्तिभावानं पुटपुटलं. आत्या मात्र ओळीच्या शेवटी लुकलुकणाऱ्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होती. शाळेतल्या कॉम्प्युटरवर अगदी असाच चौकोन पुढच्या अक्षराची वाट बघत लुकलुकतो.

ती उठली आणि तिनं टीव्हीचं चॅनेलचं बटण खटाखट फिरवलं. एकामागून एक सगळी चॅनेलं झाली, अक्षरं जागची हलली नाहीत.

"हात लावू नका, कोप होईल!" बाबा ओरडला.

आत्यानं सरळ प्लगच उपटला. पडदा काळा झाला. खोलीत हंबरडा फुटला.

"वन्सं, घालवलंत त्यांना!" वहिनी किंचाळली.

बाबानं घाईघाईत तो दोन पिनांचा प्लग परत खुपसला, आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून आवाज आला, "आई गं! मेले! शॉक बसला हो!"

आवाज बाबाच्या बायकोचा होता. महिनाभर तिचं कडक मौन चालू होतं.

आत्यानं प्लग पुन्हा उपटला आणि आतलं दार ढकललं. बाई हात चोळत बसली होती. समोर कीबोर्ड, शेजारी कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा, आणि त्यातून निघालेली वायर भिंतीच्या भोकातून थेट दादाच्या टीव्हीच्या पाठीत गेली होती.

"यानं टीव्हीचा कॉम्प्युटरचा पडदा केलाय," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "टीव्हीत चॅनेल पकडणारा भाग असतो. तो वगळून पुढे ही वायर जोडली. मग अँटेना काढा नाहीतर बटण फिरवा, काय फरक पडणार? इकडे ही टाइप करते, तिकडे दादा बोलतो. यात जादू नाही, उलट चांगली युक्ती आहे. फक्त अशा टीव्हीच्या आतल्या पत्र्यातही वीज येऊ शकते. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवून ती तिथंच अडवावी लागते. यानं त्याचा खर्च वाचवला. आत्ता घाईत प्लग उलटा बसला आणि वीज वायरीतून त्या डब्यात उतरली."

"आणि 'धाकटे' कसं कळलं?" आजोबांनी विचारलं.

"मीच सांगितलं," वहिनी खाली बघत म्हणाली. "सगळं मीच सांगत होते. ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?"

या वाक्यानं आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामाच्या रगाड्यात ती महिनाभर वहिनीकडे फिरकलीच नव्हती. लोक एकमेकांच्या नजरा चुकवत बाहेर पडले. बाबाही मागच्या दारानं पसार झाला.

वहिनी हलली नाही. "वन्सं, एकदाच लावा ना परत. खोटं आहे, कळलं मला. नुसतं माझं नाव येऊ दे त्यावर. मग येते मी."

आत्याचा हात कीबोर्डपर्यंत गेला. नाव टाइप करणं किती सोपं होतं! आणि तिलाही तेच हवं होतं, वहिनीपेक्षा तसूभरही कमी नाही.

तिनं हात मागे घेतला. "नाही, वहिनी. ऐकून बरं वाटतं म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही. कुणी काही सांगितलं, अगदी दादाच्या नावानं सांगितलं, तरी आधी विचारायचं, कशावरून? तो गेला. राखण आपणच करायचीय. चला, वाटेत डॉक्टरांना दाखवू. दादाच्या गोष्टी आता मला सांगा, रोज सांगा."

वहिनीनं काळ्या पडद्याकडे एकदा बघितलं. मग तिनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर गेले असतील का हो? भरभर चला."