बाजेखालची गोटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पोलादाची, आतून शिसे ओतलेली, आकाराने बसक्या हंड्याएवढी. उचलण्यासाठी मला दोन बाजूंना दोन कान आहेत आणि पोटाशी एक लहानशी तरफ आहे. माझ्यासारख्या वस्तूंनी बोलू नये, गुपचूप आपले काम करावे, अशीच रीत आहे. पण गुपचूप राहण्याने काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून आज बोलते.

मला घडवले तेव्हा माझ्या गाभ्यात शेंगदाण्याएवढी एक धातूची कुपी बसवली. त्या कुपीत सीझियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ आहे. त्यातून अखंड किरण निघतात. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ऊब नाही. माणसाच्या अंगातून ते आरपार जातात आणि जाताना आतले काहीतरी मोडून जातात. त्यांना अडवायला शिशाची जाड भिंत लागते. ती भिंत म्हणजे मी. तरफ फिरवली की माझ्या पोटाची खिडकी उघडते, उलटी फिरवली की मिटते. माझ्या अंगाला पिवळा रंग दिला होता आणि त्यावर काळी खूण काढली होती. मध्ये एक ठिपका आणि त्याभोवती तीन पाती. या खुणेचा अर्थ एवढाच, की लांब राहा.

माझी उमेदीची वर्षे कुरकुंभच्या एका रसायनांच्या कंपनीत गेली. तिथल्या बंद टाकीत रसायन किती चढले आहे ते बाहेरून दिसत नसे. माझे किरण टाकीतून पलीकडच्या यंत्रापर्यंत पोचत. रसायन आड आले की ते क्षीण होत, आणि यंत्राला पातळी कळे. तरफेला पितळी कुलूप होते. त्याची किल्ली एकाच माणसाकडे असे. तो ठरावीक दिवशी येई, हातातले मापक माझ्याभोवती फिरवी, समाधानाने मान हलवी आणि निघून जाई. पाळीवरचे कामगार मला वळसा घालून जात. त्या दुराव्याचे मला कधी दुःख झाले नाही. त्यात मान होता.

मग कंपनी बंद पडली. माझ्याविषयी ज्यांना ठाऊक होते ते एकेक करून दुसऱ्या नोकऱ्यांना लागले. किल्लीवाला माणूसही एके दिवशी आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही. मित्रांनो, धोका आपली जागा सोडत नाही. धोका ओळखणारी माणसे तेवढी निघून जातात. टाकीवर गवत चढले. पुढे यंत्रांचा एकगठ्ठा लिलाव झाला आणि मी लोखंड म्हणून शिक्रापूरजवळच्या एका भंगाराच्या गोदामात जाऊन पडले. तिथे पितळेसाठी माझे कुलूप कापले गेले. कंपनीचा रंग पुसला की माल आपला, असा त्या धंद्यातला हिशेब. माझ्यावर करडा रंग फासला गेला आणि ती खूण त्याखाली गाडली गेली. तरफ मात्र गंजाने धरून ठेवली होती. माझी खिडकी अजून मिटलेली होती.

त्याच गोदामात रविराजने मला पाहिले. शिक्रापूरच्या एका कारखान्यात तो पाळीवर होता. त्याचे गाव मांडवगण फराट्याच्या पुढची नदीकाठची एक वाडी. तिथल्या तालमीत तो कुस्ती करी आणि पोलीस भरतीची तयारी करी. त्या भागात तालमीसमोर एक जड गोल दगड असतो. त्याला गोटी म्हणतात. ती छातीशी कवटाळून खांद्यावर घेणे ही पोरांची परीक्षा असते. वाडीची गोटी पुरात गेली होती. रविराजने मला गाडीत घालून नेले.

तालमीचे वस्ताद हौशीराम आबा. पांढऱ्या मिशा, मोडलेले कान, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी मला काठीने ढोसले.

"काय उचलून आणलंस रं हे? हंडा का?"

"गोटी हाय आबा. धरायला कान बी हायेत."

"कान धरून उचलायची गोटी? ती तर शाळंतले मास्तर बी उचलत्याल."

पोरे हसली. मग एकेकाने मला उचलले आणि हसणे थांबले, कारण मी फार जड होते. त्या दिवसापासून मी तालमीची झाले. इतकी वर्षे मला कुणी हात लावला नव्हता. आता रोज कोवळ्या छातीचे ठोके माझ्या पोलादाला ऐकू येत. मला ते आवडे, आणि आवडता आवडता भीतीही वाटे. घामाने आणि तांबड्या मातीने माझा करडा रंग झिजला. खालचा पिवळा डोकावला, आणि त्यावरची तीन पाती.

"आबा, ह्यो शिक्का कसला?"

"पंख्याची पाती न्हाईत का ती?" दुसराच कुणी म्हणाला. "पंख्याच्या कंपनीचा आसंल."

"एवढा जड पंखा? तुझ्या सासऱ्याच्या घरात लाव."

खूण तर समोर होती. पण ती वाचायला त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

जत्रेच्या आधीची तालीम चालू होती. रविराजच्या खांद्यावरून मी निसटले आणि पायरीच्या दगडावर आदळले. गंज सुटला, तरफ बोटभर सरकली. माझी खिडकी उघडली. पोरांनी मला पुन्हा कोपऱ्यात लोटले, उघडे तोंड भिंतीकडे करून. कुणालाच काही कळले नाही. कळण्यासारखे काही दिसलेही नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात एक जीप आली. ती हकिकत मला पोरांच्या तोंडून कळली. जीपमधल्या साहेबांनी पारावर विचारले, कुरकुंभच्या बंद कंपनीचे काही भंगार इकडे आले आहे का. कशापायी विचारता, असे लोकांनी म्हटल्यावर ते म्हणाले, नेहमीची चौकशी आहे. त्यांच्या हातात एक यंत्र होते. हे काय, असे कुणी विचारले, तर ते म्हणाले, पाण्याची पाहणी. डांबरी रस्त्याने ते यंत्र फिरले आणि परत गेले. तालीम रस्त्यापासून लांब, नदीच्या अंगाला.

लपवालपवी माणसांना लगेच ओळखू येते. पण लपवलेली गोष्ट काय आहे, हे ती आपल्या मनातल्या भीतीप्रमाणे ठरवतात. वाडीने ठरवले की चोरीच्या मालाचा तपास चालू आहे.

रविराज तालमीत येऊन मटकन बसला. "आबा, मी इकत घितलीया ती. पर पावती कुठंय माझ्याकडं?"

"केस झाली तर भरती गेली," आबा म्हणाले.

"गेलीच की."

आबा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "घरी आण माझ्या. म्हाताऱ्याच्या बाजंखाली कोन बघायला येतंय."

मित्रांनो, जीपमधल्या माणसांनी त्या दिवशी खरे सांगितले असते, तर आबांनी मला घराजवळही फिरकू दिले नसते. त्यांनी सांगितले नाही, म्हणून एका भल्या माणसाने एका पोराच्या भल्यासाठी मला आपल्या झोपेखाली आणून ठेवले. वर एक पोते टाकले. माझी उघडी खिडकी बाजेच्या सुतळीकडे होती.

आबांची बायको बयाबाई. माझ्याविषयी तिला त्यांनी एवढेच सांगितले, की तालमीचे सामान आहे, हात लावू नको. दुपारी जेवण झाले की आबा बाजेवर उजव्या कुशीला कलंडत. ती उंबऱ्यापाशी डाळ निवडत बसे आणि गावभरच्या गोष्टी सांगे. आबा हुं हुं करत झोपी जात. त्यांच्या श्वासाने बाज हलके कुरकुरे. माझे किरण एकही क्षण न थांबता वर जात राहत. थांबणे माझ्या हातात नव्हते. ती तरफ बोटभर मागे नेणारा एक हात हवा होता, आणि माझ्या आवाजाला जीभ नव्हती.

काही आठवडे गेले. आबांचे अन्न उलटू लागले. मग एके सकाळी बयाबाईने त्यांचे धोतर सारून मांडी पाहिली.

"ह्यो चटका कवा बसला? चुलीकडं तर तुमी जन्मात फिरकला न्हाई."

"उष्णता हाय. ताक दे."

"ताकानं कातडं सोलून निघतंय व्हय? दौंडला चला डाक्टरकडं."

डॉक्टरांनी मलम दिले. काय लागले, कशाने भाजले, असे त्यांनी विचारले. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीचे उत्तर कोण देणार. आबा परत आले आणि त्याच बाजेवर निजले. आता दुपारीच नव्हे, सारा वेळ.

गावची सरपंच राजनंदिनी. शिकलेली, वयाने लहान, घरचा फुलांचा मळा सांभाळणारी. ती आबांना भेटायला आली होती, तेवढ्यात समोरच्या चावडीपुढे ती जीप पुन्हा थांबली. दारातले बोलणे मला स्वच्छ ऐकू आले.

"साहेब, तुम्ही दुसऱ्यांदा आलात. काय शोधताय ते सांगा."

"मॅडम, बाब गोपनीय आहे. उगाच घबराट पसरेल."

"घबराट पसरलीच आहे. कुणी म्हणतंय चोरीची केस, कुणी म्हणतंय जमिनी जाणार. खरं कशाला घाबरायचं, तेवढंच कुणाला ठाऊक न्हाई."

साहेब जीपकडे वळले.

"उद्या ग्रामसभा लावते," ती म्हणाली. "तिथं माईकवर, मराठीत सांगा. न्हाईतर ह्या गावात तुम्हाला रस्ताही कुणी दाखवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी देवळावरचा भोंगा खरखरला. सभा पारासमोर भरली होती, पण तिचा शब्द न् शब्द घराघरांत पोचत होता. आबा बाजेवर होते. बयाबाई पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होती.

साहेबांचा आवाज आला. प्रथम अडखळत, मग सरळ. आम्ही किरणोत्सारी वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे. कुरकुंभच्या बंद कंपनीतली एक पेटी हरवली आहे. दिसायला बसक्या हंड्यासारखी. दोन कान. अंगावर पिवळा रंग असू शकेल. त्यावर एक ठिपका आणि भोवती तीन पाती. आत किरणोत्सारी पदार्थ आहे. तिच्याजवळ थांबले तर अंग आतून भाजते, उलट्या होतात. कुणावर केस होणार नाही. फक्त ती कुठे आहे ते सांगा.

तळवे चोळणारा हात थांबला नव्हता. बयाबाईला त्या वर्णनातले काहीच ओळखीचे नव्हते. आबा मात्र निश्चल झाले होते. वरची बाज कुरकुरायची थांबली, आणि त्या शांततेत मला कळले की त्यांना सगळे समजले आहे.

"बया, ऊठ," ते म्हणाले.

"का? पानी पायजे?"

"न्हाई. ऊठ आन् भाईर जा. पारावर जा."

"तुमाला आसं टाकून?"

"ते ज्याचं बोलत्यात ना, ते आपल्या बाजंखाली हाय."

ती उठली नाही. आधी वाकली आणि पोते सारले. तिचा चेहरा मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसला. तिने माझी खूण पाहिली, मग आबांच्या मांडीकडे पाहिले. मग त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवले, जवळजवळ ओढतच अंगणापलीकडे नेले, आणि लिंबाखाली बसवले. त्यानंतर ती पाराकडे गेली.

भोंग्यातून थोडा वेळ नुसता गलका आला. मग रविराजचे रडणे. मग कुणीतरी माईक तिच्या हातात दिला असावा, कारण तिचा श्वास साऱ्या गावावरून गेला.

"साहेब, पैल्या दिशी जीप आली, तवा हे का न्हाई सांगितलं?"

"आजी, लोक घाबरले असते."

"घाबरू द्यायचं व्हतं," बयाबाई म्हणाली. "माणूस घाबरलं म्हंजी लांब पळतं. आमी उशाला घिऊन निजलो."

 

आबांना पुण्याच्या इस्पितळात नेले. जाताना ते रविराजला म्हणाले, "भरतीला उभा ऱ्हा. नाटकं करू नगं." ते परत आले का, मला ठाऊक नाही. लांब दांड्यांनी तरफ फिरवून माझी खिडकी मिटवली गेली आणि मला एका जाड पिंपात उतरवले. गाडी हलायच्या आत राजनंदिनी तिच्यासमोर उभी राहिली. पेटी कुठे नेणार, पोरांच्या रक्ताची तपासणी कधी होणार, तिचे निकाल चावडीच्या फळ्यावर मराठीत कधी लागणार, हे तिने माईकवरच वदवून घेतले. साहेबांनी सांगितले. या वेळी ते अडखळले नाहीत. मग ती बाजूला झाली.

आता मी एका कोठीत आहे. माझ्यावर पुन्हा पिवळा रंग आहे आणि नवी काळी खूण. माझ्यासारख्या अनेकजणी इथे ओळीने ठेवल्या आहेत. कुणी कुणाशी बोलत नाही. माझ्या गाभ्यातल्या कुपीचा जोर तीस वर्षांनी निम्मा होतो, आणखी तीस वर्षांनी त्याच्या निम्मा. तुम्ही मोठे व्हाल, म्हातारे व्हाल, तेव्हाही मी पूर्ण विझलेली नसेन.

मित्रांनो, ही खूण कुठे दिसली तर हात लावू नका, लांब व्हा आणि मोठ्या माणसांना सांगा. आणि गावात यंत्र घेऊन कुणी आले, तर काय मोजता आहात, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आम्हाला सांभाळण्यासाठी शिशाची भिंत लागते खरी. पण त्या भिंतीच्या आत काय आहे हे ठाऊक असलेली माणसे तिच्याहून अधिक लागतात.

दुपारी या कोठीच्या भिंतीपलीकडून कधी कधी आवाज येतात. भांड्यांचा, शेळ्यांचा, एखाद्या बाईने कुणाला तरी जेवायला हाक मारल्याचा. म्हणजे तिथे वस्ती आहे. मी कुठे चालले आहे, हे त्या वाडीला माईकवर सांगितले गेले. मी इथे आले आहे, हे या वस्तीला कुणी सांगितले आहे का?