राखेनं घासलेला स्फटिक

घरात एक तापट बाई असली तर माणूस निभावून नेतो. माझ्या घरात दोन होत्या. बायको कांताबाई आणि मुलगी सत्यशीला. मी घाटंजीच्या शाळेत मास्तर. वर्गात माझा आवाज चाले, घरी फक्त कान कामाला येत.

सत्यशीला दिल्लीच्या प्रयोगशाळेत जर्मेनियमचे स्फटिक वाढवायची. वितळलेल्या रसात त्याचाच एक कण बुडवायचा आणि इतका हळू वर ओढायचा की बघणाऱ्याला डुलकी लागावी. त्याच्या चकत्यांपासून ट्रान्झिस्टर होतो, एवढं मला कळायचं. गावात मी त्याहून बरंच जास्त सांगायचो.

१९६४ च्या डिसेंबरात ती घरी आली. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका कॉलेजात मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर तिच्या स्फटिकातून वीज कशी वाहते याची मोजणी होणार होती. ती नीट उतरली तर पुढचं संशोधन तिच्या स्वतःच्या नावावर, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली.

संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली आणि कांताबाईनं तिची पिशवी आवरायला घेतली. एका डबीत सुपारीएवढा करडा, मळकट खडा निघाला. पोरगी एवढ्या लोकांपुढे जाणार आणि हे असलं दाखवणार? आमच्या घरची भांडी वस्तीत सगळ्यांत लख्ख. लोकांनी आम्हाला पिढ्यान् पिढ्या घाणेरडे म्हटलं, त्याचा राग ती भांड्यांवर काढायची. तिनं चुलीतली राख घेतली, चिंच घेतली आणि खडा घास घास घासला. वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. मी शेजारीच बसून कौतुक करत होतो.

सत्यशीला परतली आणि डबी उघडताच कडाडली, "माय, तू त्याले हात काहून लावला?"

हे वाक्य कांताबाईनं विहिरीवर ऐकलं होतं, दुकानात ऐकलं होतं, मालकाच्या अंगणात ऐकलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन परतताना ती म्हणाली होती, आता हे कोणाचंच ऐकून घेणार नाही.

"माह्या हातानं बाटलं काय ते?" तिनं हळूच विचारलं.

पोरीचा चेहरा पडला. खोटं बोलणं तिला जन्मात जमलं नाही. ती आईजवळ बसली, तिचे राखेचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "बिघडलं, हे खरं. पण तिथं कोनाचाच हात चालत नाही, माय. माह्याही नाही. बोटाच्या घामानंही माप चुकते, म्हणून आम्ही चिमट्यानं धरतो."

"अन् तुह्या मोठ्या साहेबाचा?"

"त्यायनं मागच्या महिन्यात बोट लावलं, तर मीच त्यायले भाईर काढलं."

"जानव्याचा हाय ना तो?"

"हाय. त्याच्या बोटाचा डागही असाच धुवा लागला."

कांताबाईला हसू फुटलं, ते काही आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "म्हंजे तिथं सारी दुनियाच विहिरीच्या भाईर उभी!"

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघंही नागपूरला गेलो. कॉलेजात सत्यशीलेनं खडा आम्लात बुडवून वरचा पापुद्रा उतरवला, धुतला, सुकवला. तासाभरानं यंत्राचा काटा हवा तिथं थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि रडलोही.

पुढच्या रांगेतले कोटवाले वयस्क प्राध्यापक खूश होऊन उठले, टेबलाजवळ गेले आणि त्यांनी खडा उचलायला हात पुढे केला.

"हात नोका लावू, साहेब," मागच्या बाकावरून कांताबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. प्राध्यापकांनी हात मागे घेतला, तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "चुकलंच माझं, बाई."