तिसरी बाटली

"दत्तारामकाका, ह्या कागदार सही तुमचीच मां?"

बौद्धवाडीतली अक्षया ग्रामपंचायतीच्या पडवीत उभी होती. दत्तारामने चष्मा लावला. पाण्याच्या नमुन्यांच्या पावतीवरची सही त्याचीच. बारा वर्षे तो गावचा जलसुरक्षक. तीन विहिरींच्या पाण्याच्या तीन बाटल्या भरायच्या आणि एसटी धरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत तपासायला पोचवायच्या, हे त्याचे काम. तिसरी बाटली बौद्धवाडीच्या विहिरीची. सरपंच आले नि गेले, दत्ताराम तेवढा टिकला.

"हॉटेलांचो कचरो आमच्या बावीच्या वर टाकतत. पाण्याक वास येता. जागा बदला म्हणान अर्ज केलंय, तर नामंजूर. पाच वर्सां तिसऱ्या बाटलीचा पाणी शुद्ध आसा म्हणे. मगे आमच्या पोराक, निलेशाक, दोनदा कावीळ खंयसून झाली? तपासणाऱ्यांनी खोटा लिवल्यानी काय?"

तपासणाऱ्यांनी आलेले पाणी इमानाने तपासले होते. पण तिसरी बाटली दत्ताराम देवळाकडच्या विहिरीवरच भरायचा.

तसा माणूस वाईट नव्हे हो. अक्षयाच्या लग्नात आहेर देऊन आला होता. जेवला नाही, एवढेच. तिच्या वाडीच्या विहिरीवर पाणी काढायचे नाही, हे बापाने लहानपणी सांगितलेले. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो! एका बाटलीने असे काय बिघडते, म्हणून त्याने कधी विचारच केला नाही. आता त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"तेंचा काय चुकूक नाय गो," तो म्हणाला. "ती बाटली तुमच्या बावीची नव्हतीच. मी देवळाकडे भरीत होतंय."

"कित्याक?"

"आमच्या घरातलो कोण तुमच्या बावीचा पाणी काढणा नाय. म्हणान."

अक्षयाने कागद त्याच्यापुढे ठेवला. मोठ्या आशेने ती याच माणसाकडे आली होती.

"ह्याच लिवन द्या," ती म्हणाली.

नोकरी जाणार हे ठाऊक असून त्याने सगळे लिहिले, सही केली. मग नवी बाटली घेऊन तिच्याबरोबर वाडीत गेला. विहिरीवर तो दोरीला हात घालणार, तोच अक्षयाने ती ओढून घेतली.

"मी भरतंय. तुमी फक्त बगा."

बाटली भरून झाली तेव्हा तिची आई, राधाबाई, तांब्या घेऊन बाहेर आली. दारी आलेल्याला पाणी द्यायची तिची रीत. दत्तारामने दोन्ही हात पुढे केले. आज प्यायचेच, असे त्याने वाटेत ठरवले होते.

राधाबाईने तांब्या मागे घेतला.

"रव रे. तुका बाधात," ती काळजीने म्हणाली. "आमका सवय झाली."

ती आत गेली आणि निलेशसाठी उकळून गार केलेले पाणी घेऊन आली. पेलाभरच होते.