नव्या वर्षाची मूठ

मी ग्युतेकचा उजवा हात. जन्माचा नव्हे, कोरियातल्या देगू शहराच्या कारखान्यात घडलेला. पोटात मोटर, वर रबरी कातडी आणि त्याच्या कोपराखाली टेकलेल्या दोन बारीक पट्ट्या. त्याने बाहेरचा स्नायू आवळला की मी उघडतो, आतला आवळला की मिटतो. ऐकायला सोपं. पण माणूस बावरला की दोन्ही स्नायू एकदम ताठरतात. मग मी काय समजायचं? मी आपली मूठ आवळतो.

त्याचा खरा हात आईच्या गिरणीत गेला, तांदळाच्या लांब वड्या पाडणाऱ्या यंत्रात. "जरा तेवढं पीठ आत लोट रे," असं आईच म्हणाली होती. तिने गिरणीला कुलूप लावलं. लेकाशी बोलायची, पण माझ्याकडे कधी पाहिलं नाही. मी वाटीशी आलो की ती काहीतरी ढवळायला उठायची. मला वाईट वाटायचं. मी तिचं काय घोडं मारलं होतं?

मग नवं वर्ष आलं. खोली लहान, आई नव्या झग्याचा घोळ पसरून जमिनीवर बसली. सणाच्या नमस्काराला तळवे एकावर एक ठेवून जमिनीला टेकायचे: पुरुषाचा डावा हात वर, उजवा खाली. म्हणजे मी खाली. ग्युतेक वाकला, त्याचा सगळा भार माझ्यावर आला आणि पट्ट्या दाबल्या गेल्या. मला वाटलं, हुकूम आला. मी मिटलो, तो आईच्या झग्याचा काठ मुठीत घेऊनच.

त्याने सोडवायची धडपड केली. कान लालबुंद झाले. तो जितका गोंधळला, तितका मी घट्ट.

"आई, मी शांत झाल्याशिवाय हा सुटायचा नाही," तो खालमानेनेच म्हणाला.

मग तिने पहिल्यांदाच मला दोन्ही तळव्यांत धरलं.

"किती गार आहे रे," ती म्हणाली. "राहू दे धरलेलं. लहानपणी बाजारात तरी कुठे सोडायचास? चुलीवरचं सणाचं सूप काही पळून जात नाही."

आणि तिला रडू फुटलं. त्यालाही. रडून झाल्यावर त्याचा हात सैलावला, बाहेरचा स्नायू एकटा आवळता आला आणि मी उघडलो. तिने मात्र मला लगेच सोडलं नाही.

त्या वसंतात गिरणीचं कुलूप निघालं. आता मी तिथल्याच फळीवर असतो. माझी मोटर दमली. ग्युतेकला नवा हात आलाय, पाचही बोटं वेगवेगळी हलवणारा. दाबाला मुळीच फसत नाही म्हणे.

बाबा रे, तू माझ्याहून हुशार आहेस. माझं एवढंच ऐक: नव्या वर्षाच्या नमस्काराला थोडा फसत जा.