अर्ध्या उजेडातलं प्रवाळ

तीन महिने झाले तरी टाकीत पाणी आणि दगड यांखेरीज काही नव्हतं.

टाकी मूळची लेकीची. घर बदलताना तिने ती आईवडिलांच्या गळ्यात घातली आणि वर "आईला विरंगुळा होईल" असंही म्हणाली. टाकी कसली, दोन बादल्या खारं पाणी मावेल एवढं काचेचं खोकं. एक पंप, एक लहानसा दिवा. त्याहून मोठा दिवा लावायची सोय नव्हती, कारण आईचे डोळे. दुखणं दोन वर्षांचं. प्रखर उजेड तिला सोसत नसे, खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले असत. नजर उतरत जाणार, वर्षाअखेर उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी तिला काहीतरी जिवंत आणि देखणं दाखवायचं, हे प्रूफवाल्यांनी मनाशी धरलं होतं.

प्रूफवाले म्हणजे तिचे यजमान. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, तेव्हापासून गल्लीत हेच नाव पडलं. दुसऱ्यांच्या चुका धुंडाळण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतः काही करायचं म्हटलं की त्यांचा हात आखडायचा. न जाणो, चुकलं तर? टाकीत कोणतं प्रवाळ लावावं यावर त्यांनी तीन पुस्तकं वाचली. वहीत रकाने आखले: कुणाला किती उजेड, कुणाला किती प्रवाह, कुणाचं कुणाशी पटत नाही. लग्न जुळवणाऱ्यानेही एवढी चौकशी केली नसती.

"अहो पंडित," बायको एक दिवस चिडवत म्हणाली, "ते दगड आता मला तोंडपाठ झालेत. मी पुरती आंधळी झाल्यावर आणणार आहात का काही?"

हे ती हसत म्हणाली, पण त्यांच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वही काखेत मारून ते दुकानात गेले.

दुकान म्हणजे लांबट, दमट खोली. दोन्ही बाजूंना काचेचे हौद, वर निळे दिवे. मालकीणबाईंच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. वहीकडे बघून त्या म्हणाल्या, "काका, माझी परीक्षा घ्यायला आलात का?"

प्रूफवाले ओशाळले. "दिवा लहान आहे हो. आणि वाढवता येत नाही. घरात डोळ्यांचं आजारपण आहे."

बोलताना त्यांची नजर मात्र कोपऱ्यातल्या हौदावर खिळली होती. तिथे बारीक फांद्यांचं जांभळं प्रवाळ होतं, टोकांना निळसर झाक. तीन महिने पुस्तकातलं हेच चित्र ते उघडून बघत, बायकोलाही त्याचं वर्णन करून सांगत.

"त्याचा नाद सोडा," बाई म्हणाल्या. "त्याला डोक्यावर ऊन लागतं. तुमच्या दिव्याखाली महिनाभर छान दिसेल, मग बुडापासून पांढरं पडत जाईल."

"महिनाभर?"

"फार तर दोन."

दोन महिन्यांनी हिला तरी किती दिसणार आहे, असं प्रूफवाल्यांच्या मनात येऊन गेलं. आलं ते आलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मरणार हे ठाऊक असून एखादा जीव घरी न्यायचा, तोही तिच्यासाठी. त्यांनी वही मिटली.

"कमी उजेडात जगेल आणि रंगाला चांगलं, असं द्या. आमची मंडळी शिवणकाम करायची. रंगाची पारख फार."

बाईंनी तळहातापेक्षा लहान, मऊ चकतीसारखं लाल प्रवाळ काढून दिलं. निळ्या दिव्याखाली ते निखाऱ्यासारखं दिसत होतं. "हे सावलीतच खूश असतं. तळाशी ठेवा. लाड करून दिव्याजवळ नेलंत तर आक्रसेल."

घरी आणून तळाशी ठेवलं, आणि निखारा विझला. साध्या दिव्याखाली तो रंग जुन्या पडद्यासारखा, विटका तांबडा. प्रूफवाल्यांना रडू यायचं बाकी राहिलं. तरी त्यांनी बायकोची खुर्ची टाकीसमोर ओढली, तिला हात धरून बसवलं. ती पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"अगबाई," ती म्हणाली, "शेवटी जांभळं आणलंत की."

ही बाई एकेकाळी दोऱ्याची रिळं घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि सात तांबड्यांतला नेमका तांबडा उचलायची. दुकानदार दोन रिळं एकच आहेत म्हणून भांडले, तर त्यांना उन्हात न्यायची. प्रूफवाल्यांच्या ओठांवर "लाल" हा शब्द आला होता. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच त्यांना येत होतं. तो शब्द त्यांनी गिळला.

"तुला काय दिसतं गं?" त्यांनी विचारलं.

ती मागे टेकली. पदराशी चाळा करत राहिली.

"रंग मागेच गेले," ती म्हणाली. "सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं. तुम्ही इतके दिवस जांभळ्याचंच बोलत होतात, म्हटलं तेच असणार."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? वहीत सगळ्यांचे रकाने होते, माझा तेवढा नव्हता." यात राग नव्हता. तिने नुसतं सांगितलं. "मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. तुमच्याकडे बघते ना, तर कान दिसतात. चेहरा नाही."

"कधीपासून?"

"चार महिने होतील."

प्रूफवाले उठले आणि कपाटातून डॉक्टरांचा मराठीतला अहवाल काढून आतल्या खोलीत गेले. हा अहवाल त्यांनी दोनदा वाचला होता, शब्द न् शब्द. साक्ष म्हणून समासात त्यांच्याच पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या: एके ठिकाणी वेलांटी राहिली होती, एके ठिकाणी पूर्णविराम दोनदा पडला होता. आणि त्या दोन खुणांच्या मधे स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं की मध्यभागाची दृष्टी गेलेली आहे, रंगांची ओळख नाही, कडेची दृष्टी आणि हालचालीची जाणीव शिल्लक आहे. मजकुरात शिरलात की चूक निसटते, अर्थाकडे बघू नका, असं छापखान्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ते त्यांनी इमानाने पाळलं होतं. कागद हातात धरून ते खाटेच्या कडेवर बसून राहिले. मग शेवटच्या तीन ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या, या वेळी सावकाश, एखाद्या नवख्या पोराने वाचाव्यात तशा.

सकाळी ते पुन्हा दुकानात गेले. वही नेली नाही.

"रंग नको," ते म्हणाले. "हलतं असं काय आहे? कमी उजेडात जगणारं, पण हलणारं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. थट्टा केली नाही. मागच्या हौदातून एक मऊ, झाडासारखं प्रवाळ काढलं, मातकट, बोटभर फांद्यांचं. "हे कुणी नेत नाही. दिसायला काही नाही ना. पण पाणी जरा सरकलं की सगळं अंग हलवतं, आणि उजेडाचा हट्ट नाही."

घरी आल्यावर प्रूफवाल्यांनी टाकीपाशी उभं राहून विचारलं, "कुठे ठेवू?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. मग म्हणाली, "डावीकडे, पंपाच्या झोतात. आणि खुर्ची वळवा माझी. कपाटाकडे तोंड करून."

दोन दिवस ते मातकट प्रवाळ मान टाकून पडलं होतं. प्रूफवाले दर तासाला वाकून बघत. मेलं, असं त्यांनी मनात चारदा ठरवलं. उचलून दुसरीकडे ठेवावं म्हणून हातही पाण्यापर्यंत नेला, पण बुडवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको कपाटाकडे तोंड करून बसली होती. तिचं टाकीकडे लक्षच नाही असं वाटून त्यांना वाईट वाटलं.

"हललं," ती म्हणाली.

मान वळवली नाही. कपाटाच्या बंद दाराकडे बघतच राहिली.

"हे बघा, परत. फांद्या आहेत ना त्याला? पाच-सहा?"

"सात," ते म्हणाले.

"असतील. मोजायला वळले तर जातील." ती खूप वेळ तशीच बसली. टाकीत पाणी सरकत होतं, मातकट फांद्या एकामागून एक झुकत होत्या आणि सावरत होत्या. मग ती म्हणाली, "तुम्हीही समोर नका बसू आता. इकडे कडेला या."

प्रूफवाल्यांनी आपली खुर्ची उचलून तिच्या डाव्या हाताला, टाकीच्या शेजारी ठेवली. सवयीने पुस्तक मांडीवर घेतलं.

"तुम्ही वाचायला लागलात की दगडासारखे बसता," ती म्हणाली. "पान उलटलंत की कळतं मला, आहात म्हणून."

त्यांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचून संपायच्या आतच उलटलं. थोडं थांबून दुसरंही उलटलं.