चार किनारे, एक नळ

"एका किनाऱ्याचं दुखणं त्याला एकट्यालाच विचारू नकोस गं. त्याच्या बहिणींनाही विचार." वीस वर्षांपूर्वी सिडनीच्या दक्षिणेला, भर वाऱ्यात माझ्या शिक्षिका एनिडबाई मला ओरडून सांगत होत्या. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून वॅटल पॉइंटच्या किनाऱ्यावर सांडपाण्याचा नळ येणार हे कळताच मी मोजणीसाठी चार किनारे धरले. एक नळाचा, तीन बिननळाचे, म्हणजे त्याच्या बहिणी. नळ सुरू होण्याआधी सहा फेऱ्या, नंतर सहा. ओहोटीला खडकावर एक चौकट ठेवायची आणि तिच्या आत खडकाला चिकटलेले टोपीसारखे शंख मोजायचे. चौकट कुठे ठेवायची ते सोडतीसारखा आकड्यांचा तक्ता सांगणार, आपलं मन नाही. खाली उघडा खडक आला, तर शून्य लिहायचं.

तिन्ही बहिणी शंखांनी कधी भरल्या, कधी ओसरल्या. वॅटल पॉइंट मात्र नळानंतर ओसरला तो ओसरलाच. उद्या सुनावणी. आमची मोजणी टिकली, तर नळ खोल समुद्रात न्यावा लागेल. नाही टिकली, तर तो खडकातच राहील.

नळाआधीचा वॅटल पॉइंट क्लाइव्हने मोजला होता. सत्तरीचा, जन्मभर कालवं पिकवलेला माणूस.

"टाय लागेल का गं पोरी? माझ्याकडे लग्नातला एकच आहे."

"तोच बांध, नवरदेवा. शपथेवर बोलायचंय."

"शपथेवर?" त्याने चहाचा कप खडकावर ठेवला. "आणि समज, एखादी फेरी चुकलेली निघाली तर?"

"तर ती गाळायची. चार किनारे, बारा फेऱ्या कशाला केल्या मग? एका फेरीने आपलं म्हणणं पडत नाही, क्लाइव्ह. पण ती कोणती, हे मला आज कळायला हवं. उद्या त्यांच्या वकिलाने शोधली, तर बाकीच्या अकरांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

लाट आली, खडक धुऊन परत गेली. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दुसरी," तो म्हणाला. "त्या दिवशी चौकट सारखी उघड्या खडकावर पडत होती. एवढा भरलेला माझा किनारा, आणि कागदावर नुसती शून्यं! मला बघवेना. सात वेळा मी ती हाताने सरकवली, मोइरा. जिथे शंख होते तिथे."