पट्टीखालचे तीन आठवडे

मित्रांनो, मी प्रार्थनामंदिरामागच्या मांडवावरची द्राक्षवेलीची एक जुनी फांदी आहे. आज माझी साल खरखरीत झाली आहे, पण कोवळ्या वयात मी भारी नखरेल होते. मांडव सोडून मी थेट कुंपणावर चढले. पानं इतकी दाट, की येणारेजाणारे थांबून बघत. घड मात्र एकही नाही. पण ते विचारतो कोण? मला वाटे, हे सगळं माझंच कर्तृत्व. वेलीच्या खोडाशी माझं नातं लग्नकार्यात भेटणाऱ्या लांबच्या आत्याइतकंच.

एका शनिवारी दुपारी प्रार्थनामंदिराच्या पाळकांची धाकटी मुलगी आली. ती एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. दुसऱ्या दिवशी रविवारच्या शाळेत तिला मुलांना पहिलाच धडा शिकवायचा होता: ख्रिस्त हा द्राक्षवेल आणि आपण त्याच्या फांद्या. त्यांना दाखवायला तिला खरीखुरी फांदी हवी होती. तिने मला धरलं आणि भाजीची सुरी चालवली. कळ शेंड्यापर्यंत गेली. सुरी अर्ध्यात पोहोचली तोच माळीकाका धावत आले.

"अगं, वेलीला धरून राहा असं शिकवणार, आणि त्यासाठी फांदी तोडून नेणार?"

भिंगरीचा चेहरा पडला. "जगेल का, काका?"

"अर्धी जोडलेली आहे अजून. बघू."

त्यांनी जखम दाबून मिटवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गच्च आवळली. मग कात्री काढली आणि माझा तो दिमाखदार शेंडा पानांसकट छाटला. "एवढ्याशा वाटेने इतक्या पानांना पाणी कुठून पुरणार? आता तीन आठवडे पट्टीला हात लावायचा नाही."

भिंगरीने धडा पुढे ढकलला. ही फांदी वाळली तर मुलांपुढे कोणत्या तोंडाने उभी राहू, असं ती पुटपुटली.

ऊन तापत होतं. माझी उरलेली चार पानं मान टाकून लोंबत होती. खोडाकडून थेंब थेंब रस येई, आणि पुढचा येईल की नाही या धास्तीत माझा दिवस जाई. नवव्या दिवशी एक पान पिवळं पडून गळलं. ते बघून भिंगरीने पट्टीची गाठ सोडली. पहिला वेढा निघाला. जखमेला वारा झोंबला. मला ओरडताही येईना.

"काय बघतेस?" मागून माळीकाकांनी विचारलं.

"जुळलंय का ते."

"जुळत आलं असेल, तर आता तू उचकटलंस."

भिंगरी मटकन खाली बसली. "माझं सगळ्यातच असं होतं, काका. प्रार्थनेला बसले की दर दोन मिनिटांनी वाटतं, ख्रिस्त जवळ आहे ना? मग मला काही जाणवत का नाही? शेवटी उठूनच जाते."

"मग उठू नकोस. जोडणारा तो आहे, पोरी. तू नुसती सुटून जाऊ नकोस."

तिने पट्टी पुन्हा आवळली आणि डोळे मिटून तिथेच बसली. मग ती रोज येऊ लागली. बसे, पवित्र शास्त्र वाची, हात मात्र मांडीवर. दुसरं पान गळलं, तिसरंही. तरी तिने पट्टीला बोट लावलं नाही.

अठराव्या दिवशी पट्टीच्या वरचा एक डोळा फुगला. मग त्यातून नखाएवढं हिरवं पान डोकावलं.

तीन आठवडे भरल्यावर धडा मांडवाखालीच झाला. एका चिमुरडीने विचारलं, "ताई, इतके दिवस फांदीने काय केलं?"

"काही नाही गं. लागून राहिली."

मित्रांनो, तुमचं ख्रिस्ताशी असलेलं नातंही रोज उकलून तपासू नका. छाटणी झाली तर रुसून दूर जाऊ नका. वाळल्यासारखं वाटेल, त्या दिवशीही त्याला लागून राहा.

पुढच्या हंगामात मला पहिला घड लागला. भिंगरीने तो वर्गात वाटला, प्रत्येकाला एकेक मणी. गोड निघाला म्हणे. मला काय ठाऊक? फांदीने फळ फक्त धरायचं असतं, खायला दुसरे असतात.